पडद्यावरचा रंग, कागदावरचा रंग

छायाचित्राचा रंग पडद्यावर दिसतो तो प्रकाश बाहेर टाकल्यामुळे आणि कागदावर दिसतो तो प्रकाश शोषल्यामुळे. मॉनिटरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा उजेड स्वतः देतो. प्रिंटवरची निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मात्र खोलीतल्या दिव्याच्या उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. म्हणून एकाच फाइलची ही दोन रूपे हुबेहूब सारखी असणे मुळातच शक्य नाही. चांगल्या ग्लॉसी कागदावर कागदाचा पांढरा आणि शाईचा सर्वांत गडद काळा यांचे प्रमाण साधारण २०० ला १ भरते, मॅट कागदावर ते ५० ला १ च्या आसपास उतरते, आणि साध्या मॉनिटरवरही ते १००० ला १ असते. घरी किंवा स्टुडिओत फोटो छापताना रंग सांभाळायचा तो हा फरक शून्यावर आणण्यासाठी नव्हे. फरक किती आणि कुठे पडणार हे शाई खर्च होण्याआधी कळावे, आणि आज निघालेली प्रिंट सहा महिन्यांनीही तशीच निघावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो.

आकड्यांना रंग कसा चिकटतो

संगणकातल्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. लाल १७०, हिरवा ३०, निळा ५० हे तीन आकडे एका मॉनिटरवर डाळिंबी दिसतील, दुसऱ्यावर विटकरीकडे झुकतील आणि प्रिंटरकडे तसेच पाठवले तर तिसरेच काहीतरी निघेल. आकडा यंत्राला किती जोर लावायचा तेवढे सांगतो. त्यातून कोणता रंग उमटेल हे त्या त्या यंत्रावर ठरते. यंत्रावर अवलंबून नसलेले मोजमाप हवे, ही गरज डिजिटल छायाचित्रणाच्या कितीतरी आधी ओळखली गेली होती. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. दृष्टिक्षेत्राच्या एका अर्ध्यात दिलेला रंग आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन मूळ प्रकाशांचे मिश्रण; दोन्ही अर्धे सारखे दिसेपर्यंत निरीक्षकाने ते मिश्रण कमी-जास्त करायचे. दोघांचे मिळून निरीक्षक अवघे १७ होते. त्यांच्या नोंदींवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, १९३१ मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. आजच्या रंगमापक उपकरणांची सगळी गणिते याच पायावर उभी आहेत, आणि एवढ्या थोड्या डोळ्यांवरून घातलेला पाया इतका टिकावा ही थक्क करणारी गोष्ट आहे.

१९७६ मध्ये सीआयईने ‘लॅब’ ही रंगमांडणी दिली. तीत एक अक्ष उजळपणाचा, दुसरा हिरवा ते तांबडा आणि तिसरा निळा ते पिवळा. या मांडणीतल्या दोन रंगांमधले अंतर म्हणजे ‘डेल्टा ई’. ते १ च्या आसपास असेल तर शेजारी शेजारी ठेवलेले दोन तुकडे सवयीच्या नजरेलाही जेमतेम वेगळे वाटतात. गर्द रंगांत डोळा अधिक सोशिक असतो आणि राखाडीत फार कडक, हे पहिल्या सूत्रात नीट उतरले नव्हते. म्हणून पुढे २००० चे सुधारित सूत्र आले आणि आता मोजणीचे अहवाल बहुधा त्यातच दिले जातात.

छपाईच्या धंद्यात १९९० पूर्वी स्कॅनर, मॉनिटर आणि प्रूफ काढणारे यंत्र बहुधा एकाच कंपनीचे असे आणि अनुभवी ऑपरेटर त्यांचा मेळ हाताने बसवत असे. डेस्कटॉप संगणक आले, प्रत्येक यंत्र वेगळ्या कंपनीचे झाले आणि हा मेळ तुटला. त्यावर उपाय म्हणून १९९३ मध्ये ॲडोबी, ॲग्फा, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन आणि टॅलिजंट या आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघटना, म्हणजे आयसीसी, स्थापन केली. तिने ठरवलेले ‘प्रोफाइल’ म्हणजे एक छोटी फाइल: अमुक यंत्राने अमुक आकडे दिले की प्रत्यक्षात अमुक रंग उमटतो, याची नोंद. फोटो उघडणारे सॉफ्टवेअर फाइलचे प्रोफाइल पाहून आकड्यांचा खरा रंग ठरवते आणि मग मॉनिटरचे किंवा प्रिंटरचे प्रोफाइल पाहून त्या यंत्रासाठी नवे आकडे काढते. रंगव्यवस्थापनाची सगळी यंत्रणा एवढीच आहे. प्रोफाइल रंग सुधारत नाही. यंत्र जसे आहे तसे त्याचे वर्णन करते. यंत्राची स्थिती बदलली की ते वर्णन खोटे ठरते, आणि घरोघरच्या बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात.

फाइलसाठी कोणती रंगव्याप्ती, म्हणजे रंगांचा केवढा आवाका, घ्यावी यावर जितका वाद होतो तितका तो वादाचा विषय नाही. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवरून बेतलेली आहे. ती लहान आहे, पण सर्वत्र चालते. ॲडोबी आरजीबीचा जन्म गमतीचा आहे: १९९८ मध्ये फोटोशॉपची पाचवी आवृत्ती तयार करताना एका दूरचित्रवाणी मानकाच्या दस्तऐवजातली मूल्ये चुकीची उचलली गेली. चूक उघड झाली तोवर छायाचित्रकारांना ती व्याप्ती आवडू लागली होती, म्हणून ती नाव बदलून कायम ठेवण्यात आली. हिरव्या आणि निळसर-हिरव्या बाजूला ती एसआरजीबीपेक्षा बरीच मोठी आहे. कोडॅकची प्रोफोटो आरजीबी तर इतकी मोठी की तिच्या काही टोकांना डोळ्याला दिसणारा रंगच नाही. ८ बिटच्या फाइलमध्ये ती वापरली तर आकाशाच्या उतरत्या छटांत पट्टे पडतात. कॅमेऱ्याची रॉ फाइल घेऊन १६ बिटमध्ये काम करणाऱ्याने आणि स्वतःच्या चांगल्या इंकजेटवर छापणाऱ्याने ॲडोबी आरजीबी किंवा त्याहून मोठी व्याप्ती घ्यावी. छपाईच्या कलर लॅबला पाठवायची फाइल एसआरजीबीत द्यावी. दोन्हीकडे प्रोफाइल फाइलला जोडलेले असावे. ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइलविना लॅबकडे गेली तर तिथले यंत्र तिला एसआरजीबी समजते आणि चेहरे फिके, मातकट निघतात.

व्याप्ती का महत्त्वाची, हे लग्नाच्या फोटोंत चांगले कळते. झेंडूचा भरीव केशरी-पिवळा आणि हळदीचा गर्द पिवळा हे रंग एसआरजीबीच्या कडेला जातात किंवा बाहेर पडतात. चांगला इंकजेट मात्र ते ग्लॉसी कागदावर बऱ्याच अंशी काढू शकतो. म्हणजे तो रंग प्रिंटरमुळे जात नाही, आधीच फाइलमध्ये कापला जातो. मोरपंखी पैठणीचेही तसेच. उलट पडद्यावरचा झगझगीत शुद्ध निळा कोणत्याही शाईला जमत नाही आणि तो कागदावर जांभळा होऊन उतरतो. राणी रंगाच्या शालूची अडचण आणखी वेगळी: तिथे लाल चॅनल एक्स्पोजरच्या वेळीच भरून वाहतो आणि निऱ्यांमधल्या सावल्या सपाट होतात. त्यावर छपाईत इलाज नाही. फोटो घेतानाच एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे लागते.

मॉनिटर

‘प्रिंट काळपट आली’ ही सर्वांत जुनी तक्रार. तिचे कारण बहुधा प्रिंटर नसून मॉनिटरचा भगभगीत उजेड असतो. दुकानातून येणारे बहुतेक मॉनिटर चौरस मीटरला २५० ते ३५० कँडेलांवर लावलेले असतात. अंधाऱ्या खोलीत अशा पडद्यासमोर बसलेला माणूस फोटो आपोआप गडद करत नेतो, आणि तो कागदावर उतरला की सावल्यांत काही उरत नाही. छपाईसाठी काम करताना पडद्याचा उजळपणा ८० ते १२० कँडेलांच्या दरम्यान असावा, ही सर्वमान्य मर्यादा आहे. नेमका आकडा खोलीतल्या उजेडावर ठरतो. पांढरा कागद प्रिंट पाहायच्या दिव्याखाली धरावा, पडद्यावर रिकामे पांढरे पान उघडावे आणि दोघांचा उजळपणा जवळपास सारखा वाटेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवावा. ही कृती फुकट आहे आणि काळपट प्रिंटची बहुतेक प्रकरणे तिच्यातच मिटतात.

यानंतर कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल. लोक हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण कामे दोन आहेत. कॅलिब्रेशनमध्ये पडदा ठरावीक स्थितीत आणला जातो: उजळपणा अमुक, पांढरा बहुधा ६५०० केल्विनचा, गॅमा २.२. प्रोफाइलमध्ये त्या स्थितीतला पडदा प्रत्यक्षात कोणते रंग देतो हे मोजून लिहिले जाते. दोन्हींसाठी पडद्यावर टेकवायचे कलरीमीटर लागते; कॅलिब्राइट आणि डेटाकलर यांची उपकरणे भारतात मिळतात. उपकरणासोबतचे सॉफ्टवेअर पुरेसे असते, पण बारकाईने काम करायचे असेल तर ग्रेम गिल यांनी लिहिलेले अर्गाइल सीएमएस मुक्त उपलब्ध आहे आणि त्याच्या अहवालात पडद्याच्या मर्यादा उघड दिसतात. डोळ्याने बटणे फिरवून केलेले कॅलिब्रेशन टिकत नाही, कारण डोळा समोरच्या पांढऱ्याला सरावतो. पिवळसर पडद्यासमोर दहा मिनिटे बसले की तोच पांढरा वाटू लागतो.

पडदा मोजण्याआधी अर्धा तास चालू असावा. खोलीतल्या उजेडानुसार आपोआप बदलणारा उजळपणा, रात्री पडदा पिवळा करणारी सोय आणि ‘व्हिव्हिड’सारखे चित्रप्रकार बंद असावेत. बाजूने पाहिल्यावर रंग बदलणाऱ्या स्वस्त टीएन पॅनलवर रंगाचा निर्णय घेऊ नये. आयपीएस पॅनल आता साध्या किमतीतही मिळते. मोठ्या व्याप्तीचे मॉनिटर घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: रंगव्यवस्थापन न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर सगळे फोटो भडक दिसतात, आणि हा दोष फोटोचा नसतो.

पाहण्याचा उजेड

प्रिंटचा रंग ज्या उजेडात पाहिला त्याचाच असतो. मापन, प्रोफाइल, सॉफ्टवेअर यांवर हजारो रुपये घालून प्रिंट मात्र कुठल्याही बल्बखाली तपासली जाते, ही स्टुडिओंमधली सर्वांत वाईट सवय आहे. छपाई आणि छायाचित्रणातल्या पाहणीसाठीचे आयएसओ ३६६४ हे मानक ५००० केल्विनचा, डी५० म्हणून ओळखला जाणारा प्रकाश सांगते. बारकाईने तुलना करायची असेल तर कागदावर २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स. रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, किमान ९० हवा. घरात विकले जाणारे ‘कूल डेलाइट’ एलईडी साधारण ६५०० केल्विनचे असतात आणि त्यांचा सीआरआय बऱ्याचदा ८० च्या आसपास असतो. अल्बम शेवटी अशाच दिव्याखाली उघडला जाणार, म्हणून एक प्रिंट तिथेही पाहावी. पण दुरुस्तीचा निर्णय प्रमाण उजेडातच घ्यावा, नाहीतर प्रत्येक घरासाठी वेगळी प्रिंट काढावी लागेल.

सीआरआयच्या आकड्यातही एक फट आहे. तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी असतो. भरीव तांबड्याचा नमुना, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेला नाही. कुंकू, लाल शालू आणि त्वचेखालचा तांबूसपणा नेमका याच भागात येतो. दिवा घेताना आर९ वेगळा विचारावा.

दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली वेगळे पडतात, याला मेटामेरिझम म्हणतात. २००० मध्ये आलेल्या एप्सन स्टायलस फोटो २००० पी या प्रिंटरच्या पिगमेंट शाईने हा प्रकार छायाचित्रकारांना चांगलाच ओळखीचा करून दिला: घरातल्या पिवळ्या बल्बखाली ठीक दिसणारी प्रिंट खिडकीशी नेली की हिरवट होई. नंतरच्या शाईसंचांत, विशेषतः फिकट काळ्या शाया वाढल्यावर, हा दोष खूप कमी झाला. आता त्याचे जास्त नेहमीचे रूप कागदातून येते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळलेली चकाकी आणणारी द्रव्ये अतिनील किरण घेऊन निळा उजेड देतात. दिव्यात अतिनील भाग असेल तर कागद निळसर पांढरा, नसेल तर पिवळट. मोजणीच्या मानकातल्या एम०, एम१ आणि एम२ या अटी यासाठीच आल्या: एम१ मध्ये डी५० इतका अतिनील भाग धरला जातो, एम२ मध्ये तो वगळला जातो. अशा द्रव्यांशिवायचा कागद सुरुवातीला किंचित मळका वाटतो, पण दिवा बदलला तरी डगमगत नाही आणि वर्षांनंतरही तसाच राहतो. प्रदर्शनासाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी छापताना तोच घ्यावा.

प्रिंटर, शाई, कागद

प्रिंटर एकटा कधीच नसतो. यंत्र, शाईचा संच, कागद आणि ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार या चारही गोष्टी मिळून एक स्थिती तयार होते आणि प्रोफाइल त्याच स्थितीचे असते. कागदाच्या प्रकारावरून ड्रायव्हर किती शाई टाकायची आणि कोणता काळा वापरायचा हे ठरवतो. ग्लॉसीचे प्रोफाइल लावून ‘प्लेन पेपर’ निवडले तर प्रोफाइल कितीही चांगले असो, निकाल चुकणारच. कागद बनवणाऱ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर ठरावीक प्रिंटरांसाठी तयार प्रोफाइल देतात आणि सोबत कोणता कागद-प्रकार निवडायचा हेही लिहितात. त्या ओळीकडे अनेकांचे लक्ष जात नाही.

डाय शाई कागदाच्या थरात मुरते, रंग चमकदार देते आणि ग्लॉसीवर उठून दिसते. पिगमेंट शाईचे कण वर बसतात, टिकाऊपणा जास्त, मॅट आणि कापसाच्या कागदावर उत्तम. छोट्या स्टुडिओंमध्ये पासपोर्ट फोटो आणि लहान प्रिंटसाठी एप्सन एल८०५ सारखे सहा रंगांच्या डाय शाईचे टाकीवाले प्रिंटर सर्रास पोहोचले. या यंत्रांतून निघणारा रंग खरोखर चांगला असू शकतो. पण टाकीत कंपनीची शाई संपल्यावर बाजारातली स्वस्त शाई भरली की कंपनीचे प्रोफाइल त्या क्षणी बाद होते. पुढच्या बाटलीत तीच शाई येईल याची खात्री नसेल तर स्वतःचे प्रोफाइल करूनही उपयोग नाही. स्वस्त शाई वापरणे हा गुन्हा नव्हे. ती बदलत राहणे हा रंगाच्या दृष्टीने आहे.

ड्रायव्हर हा पुढचा सापळा. रंगाचे रूपांतर एकाच ठिकाणी व्हायला हवे: एकतर फोटोशॉप, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरने ते करावे आणि ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण ‘ऑफ’ असावे, किंवा सगळे ड्रायव्हरवर सोपवावे. दोघांनीही केले तर आमटीत सासूने मीठ घातल्यावर सुनेनेही घालावे तसे होते. प्रिंटवर साधारणपणे गुलाबी-किरमिजी झाक येते आणि चेहरे उन्हात भाजल्यासारखे निघतात. दोघांनीही नाही केले तर प्रिंट अनोळखी आणि बहुधा मातकट निघते. सगळ्या छायाचित्रांवर एकाच तऱ्हेची झाक दिसली की नोझल आणि शाई तपासण्याच्या बरोबरीने सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर या दोन खिडक्यांतली ही निवड पाहावी. नोझलचा चाचणी-नमुना मात्र सगळ्यात आधी छापावा. एक फिकट किरमिजी नोझल बुजलेली असेल तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

फाइलमधला रंग कागदाला जमत नसेल तेव्हा काय करायचे हे ‘रेंडरिंग इंटेंट’ ठरवते. ‘पर्सेप्च्युअल’ सगळे रंग थोडेथोडे आत ओढून घेते, म्हणजे जमणारेही किंचित हलतात पण आपसांतले नाते टिकते. ‘रिलेटिव्ह कलरीमेट्रिक’ कागदाचा पांढरा हाच पांढरा धरून जमणारे रंग तसेच ठेवते आणि न जमणारे सर्वांत जवळच्या रंगावर आणून बसवते. ‘ॲब्सोल्यूट’ एका कागदाची नक्कल दुसऱ्यावर करायची असेल, म्हणजे प्रूफ काढायचे असेल तेव्हाच लागते, आणि ‘सॅच्युरेशन’ आलेख-तक्त्यांसाठी आहे. फोटोसाठी दोन्हींचा विचार नको. चेहरे आणि साधी दृश्ये यांना ‘रिलेटिव्ह’ आणि सोबत ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’, म्हणजे फाइलचा सर्वांत गडद काळा कागदाच्या काळ्यावर आणणारी सोय, बहुधा सरस ठरते. झेंडूच्या माळा, रोषणाई, गर्द जरीकाठ अशा फोटोंत ‘पर्सेप्च्युअल’ने बारकावे वाचतात. कोणते बरे, हे प्रत्येक फोटोवर पाहून ठरवावे, कारण ‘पर्सेप्च्युअल’चे गणित प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनुसार बदलते.

हे पाहण्याची जागा म्हणजे सॉफ्ट प्रूफ: मॉनिटरवरच कागद आणि शाईची नक्कल. त्यात कागदाच्या पांढऱ्याची नक्कल चालू केली की चित्र एकदम मरगळल्यासारखे वाटते. हे दृश्य नकोसे असले तरी खरे आहे, निदान खऱ्याच्या जवळचे आहे. खिडकीभोवतीचा झगझगीत पांढरा भाग झाकून, डोळे क्षणभर बाजूला नेऊन मग पाहिले तर सावल्या किती बुजतात आणि कुठला रंग फिका पडतो हे स्पष्ट दिसते. दुरुस्त्या मूळ फाइलवर करू नयेत. त्या कागदासाठीची वेगळी प्रत ठेवावी.

तयार प्रोफाइल समाधान देत नसेल तर स्वतःचे करावे लागते. काही शे रंगचौकोनांचा तक्ता रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून छापायचा, वाळू द्यायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा. आरजीबी प्रिंटरांसाठी बराच वापरला गेलेला एक तक्ता ९१८ चौकोनांचा आहे. पडद्याचे कलरीमीटर इथे चालत नाही, कारण कागदाचे मोजमाप करताना उपकरणाने स्वतःचा ज्ञात उजेड टाकावा लागतो. ‘पूर्ण बंद’ हे शब्द महत्त्वाचे: २०१० च्या फोटोशॉप सीएस५ मधून रंगव्यवस्थापनाविना छापण्याचा पर्याय निघून गेला आणि ॲडोबीला तेवढ्यासाठी वेगळे छोटे सॉफ्टवेअर द्यावे लागले. शाई वाळण्यालाही वेळ द्यावा. एक दिवस थांबणे सुरक्षित. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली की डाय शाई सावकाश वाळते आणि सच्छिद्र कागदावर किंचित पसरते. जूनच्या आधी काढलेले प्रोफाइल जुलैत थोडे हलले तर नवल नाही. कागदाचा गठ्ठा बंद पिशवीत ठेवणे हा त्यावरचा सोपा इलाज.

त्वचा आणि राखाडी

रंग चुकला की नाही हे डोळा दोन ठिकाणी लगेच ओळखतो: राखाडीत आणि त्वचेत. राखाडीत किंचितही झाक आली तरी ती खुपते, म्हणून कुठल्याही चाचणी-फोटोत राखाडी पायऱ्यांची पट्टी असावी. १९७६ मध्ये आलेल्या मॅकबेथ कलरचेकर या २४ चौकोनांच्या तक्त्यात खालची सहा चौकोनांची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची आहे, आणि पहिले दोन चौकोन गडद आणि उजळ त्वचेचे.

त्वचेच्या बाबतीत छपाईचा इतिहास फारसा न्याय्य नाही. कोडॅकने विसाव्या शतकाच्या मध्यापासून लॅबना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-चित्रे दिली, ती ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली गेली आणि त्यांवर कित्येक दशके गोऱ्या स्त्रियाच होत्या. त्या चेहऱ्याला रंग जुळला की यंत्र ‘बरोबर’ ठरे. सावळे, काळे चेहरे सावल्यांत बुडत. अनेक वर्णांचे चेहरे असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. डिजिटल छपाईत हा कल यंत्रात उरलेला नसला तरी सवयीत उरला आहे: चेहरा ‘उजळ’ करण्याच्या मागणीपुढे रंगाची अचूकता हरते. त्वचेच्या निरनिराळ्या वर्णांत मुख्य फरक उजळपणाचा असतो, रंगाची दिशा बरीचशी एकाच पट्ट्यात राहते. सावळ्या चेहऱ्यात पिवळा घटक किरमिजीपेक्षा थोडा वरचढ असतो; तो उलटा झाला की चेहरा तांबूस आणि आजारी दिसतो. भारतीय स्टुडिओने आपला चाचणी-फोटो स्वतः तयार करावा, ज्यात सावळा, गव्हाळ आणि गोरा असे तिन्ही चेहरे, राखाडी पट्टी आणि एक लाल-पिवळे कापड एकाच उजेडात असेल. आयते मिळणारे चाचणी-फोटो हे काम करत नाहीत.

कृष्णधवल छपाईत हीच राखाडी सगळा भार उचलते. फक्त एका काळ्या शाईच्या प्रिंटरवर राखाडी छटा रंगीत शायांतून घडवल्या जातात आणि झाक टाळणे अवघड होते. तीन काळ्या-राखाडी शायांचे संच, जसा एप्सनने २००५ च्या आसपास आणलेला के३, या कामासाठीच आहेत.

लॅबकडे पाठवताना

लग्नाचे अल्बम बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कलर लॅबमध्ये निघतात. तिथे लेझर किंवा तत्सम प्रकाशाने चांदीच्या क्षारांच्या फोटो-कागदावर चित्र उमटवून तो आरए-४ रसायनांत धुतला जातो. शाईचा संबंध नाही. या कागदाची व्याप्ती चांगल्या इंकजेटपेक्षा लहान, पण उतरत्या छटा मुलायम. लॅब रोज नियंत्रण-पट्टी काढून रसायन तपासत असेल तर रंग आश्चर्यकारक स्थिर राहतो, नसेल तर आठवड्यात दोनदा बदलतो. लॅब निवडताना दराआधी हेच विचारावे. त्यानंतर यंत्राची आपोआप रंगदुरुस्ती बंद ठेवण्याची सूचना स्पष्ट लिहून द्यावी, कारण स्टुडिओने एकदा दुरुस्त केलेला फोटो यंत्र पुन्हा दुरुस्त करते आणि एकाच अल्बमच्या दोन पानांवर तोच शालू दोन रंगांचा होतो. लॅबने आपल्या कागदाचे प्रोफाइल दिले तर ते सॉफ्ट प्रूफसाठी वापरावे. फाइल त्यात रूपांतरित करून पाठवण्याआधी लॅबची संमती घ्यावी. मोठ्या कामाआधी ठरावीक चार-पाच फोटोंची लहान चाचणी-प्रिंट काढून ती प्रमाण उजेडात पडद्याशेजारी धरावी.

रंग टिकवून ठेवणे हे काम एकदा करून संपत नाही. मॉनिटर महिन्यातून एकदा मोजावा. चाचणी-फोटोची एक चांगली प्रिंट काळ्या पाकिटात, उजेडापासून दूर ठेवावी आणि शाईचा नवा संच, कागदाचा नवा गठ्ठा किंवा दुरुस्त होऊन आलेले हेड बसले की तोच फोटो पुन्हा छापून तिच्याशी ताडावा. फरक डोळ्याला दिसला तर जुने प्रोफाइल काढून टाकावे. ज्या स्टुडिओकडे एकाच उपकरणापुरते पैसे आहेत त्याने पडद्याचे कलरीमीटर घ्यावे आणि उरलेल्या पैशांत ५००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआयचा एक दिवा. स्पेक्ट्रोफोटोमीटर कितीतरी महाग असतो आणि वर्षातून मोजक्या वेळाच लागतो. तक्ता छापून तो मोजून देणाऱ्या व्यावसायिकाकडून प्रोफाइल करून घेणे लहान स्टुडिओला जास्त परवडते.